ताट, पेडल आणि वजनकाटा

1862 साली लंडनच्या विल्यम बँटिंग यांना जिना उतरायचा तर पाठमोरं होऊन, एकेक पायरी चाचपत उतरावं लागे. सरळ उतरलं की साऱ्या देहाचा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येई. वय पासष्टीचं, उंची पाच फूट पाच इंच, वजन 202 पौंड, म्हणजे जवळजवळ 92 किलो. बुटाच्या नाड्या स्वतःच्या हाताने बांधणं जमत नव्हतं. गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्याच्या पेढीने इंग्लंडच्या राजघराण्यातले अंत्यसंस्कार पार पाडलेले. पैसा होता, शहरातले नामांकित डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते, पण वजन हटत नव्हतं.

उपाय सगळे करून झाले होते. घोड्यावरून रपेट झाली, वाफेची स्नानं झाली, औषधी पाण्याच्या झऱ्यांवर मुक्काम झाला. एका डॉक्टर मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी रोज सकाळी दोन तास नाव वल्हवायलाही सुरुवात केली. दंड भरले, अंगात जोर आला, पण त्याबरोबर भूकही अशी खवळली की तिला आवर घालणं शक्य होईना. वजन उलट वाढलं. शेवटी ज्या मित्राने व्यायाम सांगितला होता, त्यानेच तो थांबवायला सांगितलं. 'एकादशी दुप्पट खाशी' हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्या मराठी माणसाला बँटिंग यांची ही हकिगत लगेच पटेल.

मार्ग सापडला तो कानाच्या दुखण्यातून. ऐकू कमी येतं म्हणून ते डॉ. विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वी यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत, साखर आणि मधुमेह या विषयांवरची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी कानाआधी पोटाकडे पाहिलं आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद करायला लावला. वर्षभरात बँटिंग यांचं वजन 46 पौंडांनी उतरलं आणि कंबर बारा इंचांहून अधिक आत गेली. ते जिना सरळ उतरू लागले. 1863 साली त्यांनी आपला अनुभव एका छोट्या पुस्तिकेत छापला आणि सुरुवातीला ती फुकट वाटली. मग मागणी एवढी वाढली की आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि हजारो लोकांनी ते पथ्य धरलं. डॉक्टरांनी त्यांच्यावर टीकाही खूप केली. बँटिंग 1878 साली, वयाच्या ऐंशीनंतर वारले. डाएटचं पुस्तक ही आज सर्वत्र दिसणारी चीज त्यांच्या या पुस्तिकेपासून लोकप्रिय झाली.

वजन ताटात कमी होतं की कष्टात, हा प्रश्न मात्र त्यांच्याही फार आधीचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोन्ही देहांना निंद्य मानलं आहे आणि त्यातही स्थूलपणा बरा करायला अधिक कठीण असं म्हटलं आहे. तिथल्या उपचारांत जव, कुळीथ, मूग, ताक, मधाचं पाणी आहे, तसंच व्यायाम आणि कमी झोपही आहे. पोट भरेल पण अंगी लागणार नाही असं अन्न, आणि त्याच्या जोडीला हालचाल, असा तो दुहेरी विचार. ताट आणि कष्ट यांची जोडी तिथे एकत्रच होती. युरोपात ती जुळून यायला एक यंत्र यावं लागलं.

ते यंत्र म्हणजे सायकल.

1885 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाकं जवळजवळ सारख्या आकाराची होती आणि पेडलची ताकद साखळीने मागच्या चाकाला मिळत होती. त्याआधीची उंच चाकाची सायकल धाडसी तरुणांपुरतीच होती. तिच्यावरून तोंडघशी पडणं ही नित्याची बाब. तीन वर्षांनी, 1888 मध्ये, बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी बनवलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. साखळी आणि हवेचा टायर एकत्र आले आणि सायकल कोणालाही चालवण्याजोगी झाली. पोट सुटलेला दुकानदार, शाळामास्तर, घागऱ्यात वावरणारी बाई, सगळ्यांना तिने जागेवरून उठवलं.

1890 नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलची लाट आली. डॉक्टर मंडळींत दोन तट पडले. काहींना हृदयावर ताण येईल असं वाटे, काहींना बायकांच्या चेहऱ्यावर सायकल चालवून कायमचा ताण उमटेल अशी भीती. दुसऱ्या तटातले डॉक्टर मात्र बैठं काम करणाऱ्या, लठ्ठ आणि मरगळलेल्या रुग्णांना सायकल घ्यायला सांगत होते. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांनी प्रकृती ढासळल्यावर, वयाच्या 53व्या वर्षी, सायकल शिकायला घेतली आणि 1895 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या काळात पन्नाशी उलटलेल्या बाईने रस्त्यावर सायकल चालवणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या पुस्तकाने हजारो बायकांना धीर दिला.

याच सुमारास आहार आणि सायकल एका खोलीत आले. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर यांनी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्या मदतीने तांब्याचं अस्तर लावलेली एक हवाबंद खोली बांधली. एका माणसाला जेमतेम वावरता येईल एवढी ती जागा. आत माणूस कित्येक दिवस राही. त्याचं जेवण मोजून-मापून एका छोट्या झडपेतून आत सरकवलं जाई, त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजला जाई आणि अंगातून बाहेर पडणारी उष्णता भिंतीतल्या नळ्यांतून वाहणारं पाणी टिपून घेई. कष्टाचा हिशेब करायचा होता तेव्हा आत एक स्थिर सायकल ठेवली आणि माणसाला ती तासन्‌तास चालवायला लावली.

या प्रयोगांनी एक गोष्ट पक्की केली: शरीरात जेवढी ऊर्जा जाते तेवढीच काम, उष्णता आणि साठा यांत वाटली जाते. हिशेब चुकत नाही. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममागे 4 कॅलरी, चरबीच्या एका ग्रॅममागे 9 कॅलरी, हे आज बिस्किटाच्या पुड्यावर दिसणारे आकडे ॲटवॉटर यांच्याच कामातून आले. पुढे फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि एडवर्ड कॅथकार्ट यांनी बोस्टनच्या प्रयोगशाळेत एका व्यावसायिक सायकलपटूला अशाच स्थिर सायकलवर बसवून 1913 साली मोठा अहवाल छापला. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन निघून जाते, असं त्यात दिसलं. त्याच काळात कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग यांनी मोजमापाची स्वतःची सायकल बनवली आणि योहानेस लिंडहार्ड यांच्यासोबत 1920 साली दाखवून दिलं की कष्ट करताना स्नायू साखरही जाळतात आणि चरबीही.

सायकलच या शास्त्राच्या कामी का आली? चालताना माणूस स्वतःचं सगळं वजन उचलतो आणि प्रत्येकाची चाल वेगळी. सायकलवर तो बसलेला असतो, पाय ठरावीक गोलातच फिरतात, चाकाला लावलेला अडथळा नेमका कमी-जास्त करता येतो. डॉक्टरांना मोजायला ती सोपी पडली, त्याच कारणाने जड माणसालाही ती सोपी पडते. गुडघ्यांवर देह आदळत नाही. पळायला लागल्यावर आठवड्याभरात पाय धरून बसणारा शंभर किलोचा माणूस सपाट रस्त्यावर अर्धा तास सायकल सहज चालवतो.

कॅलरीचा हिशेब प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आणला तो लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी. त्यांचं स्वतःचं वजन एके काळी 220 पौंड होतं आणि त्यांनी त्यातले 70 पौंड उतरवले होते. 1918 साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाने अमेरिकेतल्या घराघरांतल्या बायकांना पावाच्या तुकड्याकडे कॅलरींच्या आकड्यात पाहायला शिकवलं. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. खाणं मोजण्याची आजची सवय, मोबाइलवर प्रत्येक घास नोंदवणाऱ्या ॲपपर्यंत, त्यांच्याच वाटेने आली आहे.

पण मोजून कमी खाल्लं की काम झालं, एवढं ते सोपं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले आणि स्वेच्छेने पुढे आलेले होते. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं आणि आठवड्याला 22 मैल चालायला लावलं. जवळजवळ पाव हिस्सा वजन उतरलं. सोबत काय काय आलं, ते वाचताना मन गलबलतं. सतत थंडी वाजणं, चिडचिड, उदासी, अन्नावाचून दुसरा विचारच न सुचणं. काही तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. प्रयोग संपल्यावर त्यांची भूक कित्येक महिने शमली नाही. महिनाभरात दहा किलो उतरवून देतो अशा जाहिरातीला भुलणाऱ्याने या तरुणांची हकिगत वाचायला हवी.

मग कष्टाचं काय? त्याचं उत्तर लंडनच्या दुमजली बसमध्ये मिळालं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी 1953 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. एकाच बसवरचे दोन कामगार: चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. पगार, वस्ती, खाणं साधारण सारखंच. तरी हृदयविकाराचे झटके चालकांना जास्त आणि वाहकांना कमी येत होते. टपाल खात्यातही तेच दिसलं. पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन खुर्चीवरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. 1956 मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी बस कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापं तपासली. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. तरुण वयातल्या चालकांतही तो फरक होता. शिंप्याच्या मापाच्या नोंदीतून शास्त्र सिद्ध करण्याची ही युक्ती वैद्यकाच्या इतिहासात नावाजली गेली. मॉरिस स्वतः आयुष्यभर व्यायाम करत राहिले आणि 2009 साली 99व्या वर्षी वारले.

मराठी वाचकाला हा सगळा इतिहास परका वाटण्याचं कारण नाही, कारण त्यातला अर्धा भाग पुण्याच्या रस्त्यांवर घडून गेला आहे.

कॉव्हेंट्रीत रोव्हर निघाली त्या 1885 सालीच पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी मुलींची हुजूरपागा, आणि 1916 मध्ये स. प. महाविद्यालय. शिक्षणाच्या गावाला जे वाहन हवं होतं, ते विलायतेहून आलेल्या रॅले, हर्क्युलिस, बीएसए यांच्या रूपाने मिळालं. पेठा दाटीवाटीच्या, पण अंतरं लहान, चढ बेताचे, हवा कोरडी. शनिवार-नारायणातून डेक्कनला जायला दोन-तीन किलोमीटर. सायकल या गावाच्या अंगमापाची होती. सुरुवातीला ती वकील-प्रोफेसरांच्या ऐपतीची वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने निघाले, 1949 मध्ये मद्रासला टीआय, 1951 मध्ये सोनीपतला ॲटलस, 1956 मध्ये लुधियानात हीरो, आणि सायकल कारकुनाच्या, कामगाराच्या, विद्यार्थ्याच्या दारात आली.

पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई. पिंपरीत 1954 नंतर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि कामगार पेठांतून तिथवर पेडल मारत जाऊ लागले. सायकलीला कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला पुढे लावावा लागे. अंधार पडल्यावर दिवा नसेल तर पोलीस अडवत, डबल सीट दिसली तरी अडवत. ज्याच्याकडे सायकल नव्हती, तो तासावर भाड्याने घेई. मुलं आधी आडव्या नळीखालून पाय घालून वाकडी-तिकडी चालवायला शिकत, मग एक दिवस टांग मारून सीटवर बसत. आडवी नळी नसलेली लेडीज सायकल घेऊन मुली कॉलेजात जाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या येण्याजाण्याचा हुकूम घरच्या पुरुषांच्या हातून सुटला. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात त्या दिवसांच्या कितीतरी सायकली, दिवे आणि पंप जपून ठेवलेले आहेत.

या लाखो माणसांपैकी कोणीही वजन उतरवण्यासाठी सायकल चालवत नव्हतं. हेच इथे सर्वांत मोलाचं आहे. व्यायाम म्हणून कोणाच्या मनातही नसलेला अर्धा-पाऊण तास रोज आपोआप घडत होता. पावसाळा असो, परीक्षा असो, लग्नाची घाई असो, कामावर जायचंच असल्याने सायकल चालतच होती. पहाटेच्या फिरण्याला सुट्टी मिळते, कामावर जाण्याला मिळत नाही.

मुंबईने तर जगाला सायकलवीर दिले. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71 हजार किलोमीटर कापून मार्च 1928 मध्ये परत आले. तालमीत कमावलेलं अंग आणि सायकल यांची ती सांगड होती.

मग सायकल गेली कुठे? तिची जागा घेणारी वाहनं पुण्यातल्याच कंपन्यांनी आणली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने स्कूटर घराघरांत नेली, 1972 मध्ये चेतक आली. त्याच वर्षी कायनेटिकची लूना आली, जिला पेडलही होतं आणि इंजिनही. 1984 मध्ये बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा निघाली आणि मुली, गृहिणी, निवृत्त मास्तर सगळेच दुचाकीवर आले. शहर पसरलं, अंतरं वाढली, नदीकाठची वस्ती टेकड्यांपलीकडे गेली. मोटारी वाढल्या तसा सायकलवाला रस्त्याच्या कडेला आणि मग रस्त्याबाहेर ढकलला गेला. स्कूटर घेणाऱ्या बापाला दोष देता येत नाही. दोन मुलं शाळेत सोडून दहा किलोमीटरवरची पाळी गाठायची तर त्याला ती हवीच होती. पण त्या बदलात रोजचा अर्धा तास हरवला आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तो हिशेब शरीराने ठेवला. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोंहूनही कमी भरत, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पण इथल्या किडकिडीत बाळांच्या कातडीखाली चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. उणीव होती ती स्नायूंची. 2004 साली याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणून भारतीयांसाठी निकष कडक झाले: बॉडी मास इंडेक्स 23 पासून वजन जास्त, 25 पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटर आणि बायकांची 80 सेंटीमीटर यांच्या आत हवी. दिसायला सडपातळ असलेल्या मराठी माणसालाही मधुमेह का गाठतो, याचं मोठं उत्तर या कामात आहे. अशा देहाला ताटातली काटकसर एकटी पुरत नाही. त्याला स्नायू हवेत, आणि स्नायू कामानेच राहतात.

पथ्याची परंपराही पुण्याजवळच आहे. गांधीजींनी 1946 साली उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केले आणि मणिभाई देसाई यांनी तो आश्रम वाढवला. साधं, बेताचं, ठरलेल्या वेळचं जेवण आणि शिस्तीची दिनचर्या यांसाठी आजही दूरदूरचे लोक तिथे येऊन राहतात. आश्रमात वजन उतरतं, कारण तिथे ताट दुसऱ्याच्या हातात असतं. घरी परतल्यावर ते टिकवणं, हीच खरी परीक्षा.

ताट आणि पेडल यांतलं कोण किती काम करतं, हे साध्या गणितातून दिसतं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाने बऱ्यापैकी वेगाने तासभर सायकल चालवली तर 400 ते 500 कॅलरी जळतात. म्हणजे खाणं तेच ठेवून एक किलो उतरवायला पंधरा ते एकोणीस तास पेडल मारायला हवं. दुसरीकडे, रविवारी सकाळी सायकलवरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि तिथे कांदाभजी, पिठलं-भाकरी, वर मटक्यातलं दही खायचं, की सगळी कमाई अर्ध्या तासात परत. बँटिंग यांच्या नावेचं जे झालं तेच. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी जमातीचा अभ्यास करून हर्मन पाँट्झर यांनी 2012 मध्ये दाखवलं की दिवसभर पायपीट करणारे हे लोक एकूण ऊर्जा शहरी माणसाइतकीच खर्च करतात. शरीर दुसरीकडे बचत करून घेतं. तेव्हा वजन खाली आणण्याचं मुख्य काम ताटाचंच आहे. साखर, तळण, मैदा आणि अवेळचं खाणं कमी करून भाकरी, डाळ-उसळ, भाजी, ताक यांना जागा द्यावी लागते. या बदलाला पर्याय नाही.

पण उतरलेलं वजन टिकवण्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी 1994 पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली, ज्यांनी किमान 30 पौंड उतरवले आणि किमान वर्षभर टिकवले. हजारो लोकांच्या त्या नोंदींत एक सवय बहुतेकांमध्ये सापडते: रोज सुमारे तासभर शारीरिक हालचाल. अमेरिकी परिचारिकांच्या 1989 ते 2005 या काळातल्या अभ्यासात 18 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांनी रोजची सायकल थोडी जरी वाढवली, त्यांचं वजन वयाबरोबर कमी वाढलं. रमतगमत चालणाऱ्यांना मात्र तो फायदा दिसला नाही. जड असलेल्या स्त्रियांना सायकलचा लाभ जास्त मिळाला. कोपनहेगनमधल्या सुमारे 30 हजार लोकांच्या, 2000 साली छापलेल्या अभ्यासात कामावर सायकलने न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जाणाऱ्यांपेक्षा 39 टक्क्यांनी अधिक निघालं. वय, धूम्रपान आणि इतर व्यायाम यांचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला.

कोपनहेगन किंवा ॲम्स्टरडॅमचे लोक जन्मतः शिस्तीचे असतात असं नाही. नेदरलँड्समध्येही 1950-60च्या दशकांत मोटारींनी सायकलला हटवलंच होतं. 1971 मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. 1973 च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांना मोकळा रस्ता पुन्हा दिसला. त्यानंतर सरकारने पिढीभर खपून सायकलचे वेगळे मार्ग बांधले. तिथला माणूस सायकलवर आहे तो मार्ग आहे म्हणून.

महाराष्ट्रात सायकल पुन्हा दिसू लागली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सायकलने जगप्रदक्षिणा केली. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेंना, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांना, गावोगावचे डॉक्टर, शिक्षक, दुकानदार उतरतात. त्यांतले कित्येक जण मधुमेहाच्या किंवा वजनाच्या धाकाने सायकलवर बसले आणि मग तिच्या प्रेमात पडले. हे सगळं कौतुकाचं आहे. पण रविवारच्या पहाटे हेल्मेट घालून निघालेला सायकलस्वार सोमवारी कामावर पुन्हा मोटारीनेच जातो, कारण त्या वेळी तो रस्ता सायकलीला सुरक्षित नसतो.

पुणे महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो चांगला आहे. प्रत्यक्षात मार्ग तुकड्यातुकड्यांत आहेत, मध्येच संपतात, कुठे त्यांवर गाड्या लावलेल्या, कुठे टपऱ्या. ज्या शहराने एके काळी देशाला सायकलचं शहर कसं असतं ते दाखवलं, त्याच शहरात आज शाळेतल्या मुलाला एकट्याने सायकलवर पाठवायला आई धजत नाही. ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे आणि ती बदलता येण्यासारखी आहे.

वजन कमी करू पाहणाऱ्याने म्हणून दोन कामं एकत्र हाती घ्यावीत. ताटाची शिस्त आजपासून धरावी आणि उपासमारीच्या वाटेला जाऊ नये. पाच किलोमीटरच्या आतली रोजची एक खेप, दूध-भाजीची, वाचनालयाची, शिकवणीची किंवा नोकरीची, सायकलने करावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं, कारण खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की रक्तातली साखर एकदम उतरू शकते. आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सलग, मोकळा, सावलीचा सायकल मार्ग मागावा. एकदा नव्हे, मिळेपर्यंत मागावा.